आकडे दाखवताना : वृत्तपत्रातील आलेख, त्यांची रचना आणि उज्जैनची काही उदाहरणे

प्रस्तावना

वृत्तपत्राचे पान आता केवळ शब्दांनी भरत नाही. निवडणुकीचा निकाल असो, अर्थसंकल्प असो की पावसाची सरासरी, बातमीच्या शेजारी स्तंभ, रेषा, रंगवलेला नकाशा असतोच. मोबाईलवर वाचणाऱ्या वाचकाला तर त्या नकाशावर बोट ठेवून आपल्या तालुक्याचा आकडा पाहता येतो. लेख न वाचणारा माणूसही हे चित्र पाहतो आणि त्यावरून मत बनवतो.

आपल्या कम्युनिटी कॉलेजांतून पत्रकारिता, डीटीपी, संगणक आणि भाषा या विषयांचे जे अभ्यासक्रम चालतात, त्यांतील काही विद्यार्थी उद्या अशी चित्रे तयार करतील. उरलेले सर्व ती पाहणार आहेत. परिच्छेद कसा वाचावा, त्यातील विधान कसे तपासावे हे आपण वर्गात शिकवतो. आलेख कसा वाचावा हे मात्र क्वचितच शिकवले जाते. भाषेचा अध्यापक त्याला गणिताचा विषय समजतो आणि गणिताचा अध्यापक पत्रकारितेचा.

प्रस्तुत लेखाचा उद्देश वृत्तपत्रीय आलेखाची संकल्पना, त्याची घडण, त्यात होणाऱ्या चुका आणि वर्गातील उपयोग यांचा परिचय करून देणे हा आहे. उदाहरणांसाठी उज्जैन हे शहर निवडले आहे. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेले हे शहर मराठी वाचकाला परके नाही. शिवाय हिंदी, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषांचे वाचक तेथे आहेत. लेखाचे मुख्य प्रतिपादन एवढेच आहे की, आलेख हे एक विधान असते आणि ते खरे की खोटे हे बहुधा एकाच गोष्टीवर ठरते : आकडा कशाच्या तुलनेत मोजला आहे.

संकल्पना

आकड्यांचे दृश्यरूप म्हणजे संख्येला लांबी, उंची, क्षेत्रफळ, रंग किंवा स्थान यांपैकी एखादे रूप देणे. स्तंभालेखात संख्या उंची होते, रेषालेखात ती कालक्रमाने वरखाली जाते, वर्तुळालेखात ती वर्तुळाचा हिस्सा बनते, नकाशात रंगाची गडद-फिकी छटा बनते.

उज्जैनच्या वेधशाळेत हेच तत्त्व दगडात पाहायला मिळते. सवाई जयसिंगांनी १८व्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतलेल्या या वेधशाळेतील सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. तिची सावली दोन्ही बाजूंच्या अंशांकित कमानींवर पडते आणि डोळ्यांना न दिसणारी वेळ तेथे लांबी होऊन दिसते. सावली जी वेळ दाखवते ती उज्जैनची स्थानिक सूर्यवेळ असते. उज्जैनचा रेखांश सुमारे ७५ अंश ४६ मिनिटे आणि भारतीय प्रमाणवेळेचा ८२ अंश ३० मिनिटे. त्यामुळे दोन्हींत सुमारे २७ मिनिटांचा फरक पडतो, आणि ऋतुमानानुसार आणखी काही मिनिटांची दुरुस्ती करावी लागते. घड्याळाशी वेळ जुळवायची तर सावलीबरोबर दुरुस्तीचे कोष्टकही हाताशी असावे लागते. वृत्तपत्रातील आलेखाचेही असेच आहे. चित्र अचूक असले तरी ते कशापासून मोजले आहे याची टीप सोबत नसेल, तर वाचक चुकीची वेळ लावतो.

आलेखाचे दोन मुख्य प्रकार मानता येतील. छापील आलेख स्थिर असतो. संपादकाने जे दाखवायचे ठरवले तेच वाचक पाहतो. दुसरा प्रकार संवादी आलेखाचा. त्यात वाचक वर्ष बदलतो, जिल्हा निवडतो, एखादे गृहीत कमीजास्त करतो आणि चित्र त्याप्रमाणे बदलते. दुसरा प्रकार नवा आणि आकर्षक असला तरी पहिल्यावर हात बसल्याशिवाय तो साधत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्तंभालेख आणि आर्थिक रेषालेख रूढ करण्याचे श्रेय विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाच्या १७८६ च्या ग्रंथाला दिले जाते. १८०१ मध्ये त्यानेच वर्तुळालेख वापरला. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी लंडनच्या सोहो भागातील पटकीचे मृत्यू नकाशावर घराघरांनुसार दाखवले आणि ते एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झालेले दिसले. १८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, हे आलेखाद्वारे शासनासमोर मांडले.

शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांना आणखी दोन उदाहरणे अधिक जवळची वाटतील. ५ मे १८२१ रोजी निघालेल्या ‘मँचेस्टर गार्डियन’च्या पहिल्याच अंकात त्या शहरातील शाळा आणि त्यांतील विद्यार्थी यांचे एक कोष्टक छापले होते. मोफत शिक्षण घेणाऱ्या गरीब मुलांची संख्या अधिकृत अंदाजानुसार सुमारे ८ हजार समजली जात होती. कोष्टकातून ती सुमारे २५ हजार दिसली. दुसरे उदाहरण १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सुमारे ६० रंगीत आलेख हाताने तयार केले आणि आपल्या समाजाची साक्षरता, मालमत्ता, व्यवसाय यांची स्थिती जगापुढे मांडली. ज्या समाजाविषयी इतरच बोलत होते, त्याने स्वतःचे आकडे स्वतः मोजून दाखवले. त्यासाठी एक महाविद्यालय, काही विद्यार्थी, शाई आणि कागद एवढी सामग्री पुरेशी ठरली.

उदाहरण पहिले : उज्जैन जिल्ह्यातील साक्षरता

२०११ च्या जनगणनेनुसार उज्जैन जिल्ह्याची लोकसंख्या १९,८६,८६४ होती. २००१ मध्ये ती १७,१०,९८२ होती. २०११ मध्ये जिल्ह्याची साक्षरता ७२.३४ टक्के, पुरुषांची ८३.४६ टक्के आणि स्त्रियांची ६०.७४ टक्के नोंदवली गेली. या तीन आकड्यांचा एक साधा स्तंभालेख करावयाचा आहे असे समजू. येथेच चार निर्णय घ्यावे लागतात.

पहिला निर्णय पायाचा. साक्षरतेचा दर संपूर्ण लोकसंख्येवर काढलेला नसून ७ वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर काढलेला आहे. ७२.३४ टक्क्यांना १९,८६,८६४ ने गुणून जिल्ह्यातील साक्षरांची संख्या काढणारा विद्यार्थी चुकतो, कारण त्यात लहान मुलेही मोजली जातात. आलेखाखाली हा पाया लिहिणे आवश्यक आहे.

दुसरा निर्णय अक्षाचा. स्तंभ शून्यापासून काढले तर पुरुषांचा स्तंभ स्त्रियांच्या स्तंभाच्या सुमारे १.३७ पट उंच दिसतो; प्रत्यक्षातील गुणोत्तरही तेच आहे. तोच अक्ष ५० पासून सुरू केला तर एक स्तंभ ३३.४६ एकक आणि दुसरा १०.७४ एकक उंचीचा होतो, म्हणजे पुरुषांचा स्तंभ तिपटीहून अधिक उंच दिसतो. आकडे बदललेले नाहीत, तरी विधान बदलले आहे. स्त्रीशिक्षणाची तळमळ असलेल्या पत्रकाराला हा मोह होऊ शकतो. पण हेतू चांगला असल्याने चित्र खरे होत नाही. स्तंभालेख शून्यापासूनच काढावा. रेषालेखात अक्ष मधून सुरू करण्याची मुभा असते, कारण तेथे डोळा उंचीऐवजी चढउतार पाहतो. तरीही तसे स्पष्ट नमूद करावे.

तिसरा निर्णय शब्दांचा. दोन दरांतील अंतर २२.७२ आहे. ‘स्त्रियांची साक्षरता २२.७२ टक्क्यांनी कमी’ असे लिहिणे चूक होय, अंतर २२.७२ टक्केबिंदूंचे आहे. पुरुषांच्या दराच्या तुलनेत पाहिले तर स्त्रियांचा दर सुमारे २७ टक्क्यांनी कमी भरतो. टक्का आणि टक्केबिंदू यांतील हा भेद मराठी वृत्तपत्रांत फारसा पाळला जात नाही. भाषेच्या अध्यापकाने तो शुद्धलेखनाइतकाच आग्रहाने शिकवावा.

चौथा निर्णय तुलनेचा. ६०.७४ हा आकडा एकटा काही सांगत नाही. मध्य प्रदेशातील स्त्री-साक्षरता त्याच जनगणनेत ५९.२४ टक्के होती. राज्याशी तुलना केली तर उज्जैन किंचित पुढे दिसते; त्याच जिल्ह्यातील पुरुषांशी तुलना केली तर बरेच मागे. दोन्ही विधाने खरी आहेत. एकच छापावयाचे असेल तर ते का निवडले, याचे उत्तर पत्रकाराजवळ असले पाहिजे.

हे आकडे आता जुने झाले आहेत, हेही सांगणे भाग आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर करण्यात आला. म्हणून २०११ चा आकडा ‘आज’ या शब्दाबरोबर वापरू नये. वर्ष आलेखाच्या शीर्षकातच असावे.

उदाहरण दुसरे : सिंहस्थातील गर्दी

साक्षरतेचा आकडा घरोघरी जाऊन मोजलेला असतो. गर्दीचा आकडा तसा मोजता येत नाही, आणि म्हणून संवादी आलेखाचा खरा उपयोग तेथे दिसतो. उज्जैनचा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात भरला होता. पुढचा २०२८ मध्ये आहे. अशा मेळ्यांत कोटींचे आकडे जाहीर होतात आणि वृत्तपत्रे ते जसेच्या तसे छापतात. श्रद्धेचा प्रश्न यात येत नाही. पाणी, शौचालये, दवाखाने, बाहेर पडण्याचे मार्ग ही सर्व व्यवस्था याच आकड्यावर उभी राहते. तो चुकला तर त्याची किंमत यात्रेकरूंना मोजावी लागते.

गर्दी अजमावण्याची एक सोपी रीत १९६० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पत्रकारितेचे अध्यापक हर्बर्ट जेकब्ज यांनी रूढ केली. जागेचे क्षेत्रफळ घ्यावे. विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट आणि दाट गर्दीत माणशी ४.५ चौरस फूट धरून भागावे. या हिशेबाने १ कोटी माणसे एकाच क्षणी दाटीने उभी राहिली तर त्यांना सुमारे ४.२ चौरस किलोमीटर मोकळी जागा लागेल. त्यातून रस्ते, तंबू, इमारती आणि नदीचे पात्र वगळावे लागते.

मात्र एका क्षणाची गर्दी आणि दिवसभराची गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षिप्रेच्या घाटाचा १ किलोमीटर लांबीचा पट्टा कल्पनेने घेऊ. दर मीटरला २ माणसे, अशा ५ रांगा आणि प्रत्येकाला स्नानासाठी १० मिनिटे असे गृहीत धरू. एका वेळी १० हजार, तासाला ६० हजार आणि पूर्ण २४ तासांत १४ लाख ४० हजार स्नाने होतात. रांगा ५ ऐवजी ३ धरल्या तर हाच आकडा ८ लाख ६४ हजारांवर येतो. वेळ १० ऐवजी ५ मिनिटे धरली तर मूळ आकडा दुप्पट होतो. शिवाय ही स्नानांची संख्या आहे. दोनदा स्नान करणारा किंवा महिनाभर मुक्काम करणारा यात्रेकरू तिच्यात पुन्हा पुन्हा मोजला जातो.

छापील पानावर हा हिशेब कंटाळवाणा होतो. संवादी आलेखात मात्र घाटाची लांबी, रांगा आणि वेळ यांच्यासाठी तीन सरकपट्ट्या द्याव्यात. वाचक त्या हलवील आणि खालचा आकडा बदलत जाईल. ‘जाहीर झालेला आकडा खरा ठरायला काय काय गृहीत धरावे लागेल?’ या प्रश्नाचे उत्तर तो स्वतः शोधतो. संवादी आलेखाचे प्रयोजन हेच होय. केवळ चित्र हलते म्हणून तो संवादी ठरत नाही. वाचकाला एखादे गृहीत तपासता आले पाहिजे. यात एक जबाबदारीही आहे. सरकपट्टी सुरुवातीला जेथे ठेवलेली असते तेथेच बहुतेक वाचक ती सोडतात. म्हणून सुरुवातीचे मूल्य निवडताना स्थिर आलेखाइतकीच काळजी घ्यावी लागते.

उदाहरण तिसरे : २००४ मधील वृद्धिदर

पाया बदलला की चित्राची दिशाच उलटते. हे एका शहराच्या आकड्यांत जाणवले नाही तरी देशपातळीवर किती महागात पडते, याचे उदाहरण म्हणून पुढील घटना अभ्यासण्यासारखी आहे. सप्टेंबर २००४ मध्ये २००१ च्या जनगणनेतील धर्मनिहाय आकडे प्रसिद्ध झाले. त्यांत मुस्लिम लोकसंख्येचा दशवार्षिक वृद्धिदर १९८१-९१ मध्ये ३४.५ टक्के आणि १९९१-२००१ मध्ये ३६.० टक्के दिसत होता. दोन स्तंभ, दुसरा पहिल्यापेक्षा उंच. त्यावर मथळे झाले, भाषणे झाली.

आकडे खोटे नव्हते. तुलना चुकीची होती. १९८१ मध्ये आसामात आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. १९९१ च्या बेरजेत काश्मीर नाही आणि २००१ च्या बेरजेत आहे. म्हणजे तेथील संपूर्ण लोकसंख्या दहा वर्षांची ‘वाढ’ म्हणून मोजली गेली. ही दोन राज्ये दोन्ही दशकांतून वगळल्यावर दर अनुक्रमे ३२.९ आणि २९.३ टक्के निघाले. हिंदू लोकसंख्येचे त्याच पद्धतीचे दर २२.८ आणि २०.० टक्के होते. दोन्ही समाजांचा वृद्धिदर उतरत होता. पुढे २००१-११ या दशकात ते अनुक्रमे २४.६ आणि १६.८ टक्के नोंदवले गेले. दुरुस्त आकडे लवकरच जाहीर झाले. परंतु पहिले चित्र ज्यांच्या मनात बसले होते त्यांतील अनेकांपर्यंत दुरुस्ती पोहोचली नाही.

याउलट, योग्य चित्र गैरसमज कसा दूर करू शकते याचे उदाहरण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले सुमारे ३ टक्के असल्याचे समितीने नोंदवले. हे वाक्य वाचून विसरले जाते. त्याऐवजी १०० चौकोन काढून त्यांतील ३ रंगवावेत आणि विद्यार्थ्यांना आधी स्वतःचा अंदाज दुसऱ्या १०० चौकोनांत रंगवायला सांगावे. दोन चित्रे शेजारी ठेवली की व्याख्यानाची गरज उरत नाही. वाचकाला आधी अंदाज करायला लावून मग खरा आकडा दाखवणे हा संवादी आलेखांचा एक रूढ प्रकारच आहे.

भाषा, लिपी आणि रंग

आलेखाची पुस्तके बहुधा इंग्रजीत असल्याने आपल्या लिप्यांच्या अडचणींची चर्चा त्यांत नसते. उज्जैन जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव हिंदीत ‘महिदपुर’ आणि मराठीत ‘महिदपूर’ असे लिहिले जाते. वाचकाला दोन्ही एकच. संगणक मात्र त्यांना दोन वेगळी गावे समजतो आणि नकाशावरील तो तालुका रिकामा राहतो. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेली हिंदी-मराठी कोष्टके युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय वापरता येत नाहीत. काही प्रोग्रॅम देवनागरी अंकांना संख्या न मानता अक्षरे मानतात आणि बेरीज शून्य येते. अशा वेळी हिशेब आंतरराष्ट्रीय अंकांत करून प्रसिद्धीच्या वेळी अंक बदलावेत.

उर्दूत प्रश्न आणखी वेगळा आहे. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, अंक मात्र डावीकडून उजवीकडे. मग काळाचा अक्ष कोणत्या बाजूने वाढवावा? उजवीकडून वाचणाऱ्या डोळ्याला डावीकडून चढणारी रेषा उतरणारी वाटू शकते. कोणतीही एक पद्धत स्वीकारावी, पण आरंभीचे आणि अखेरचे वर्ष ठळक लिहावे.

रंगही बोलतात. समाजांसाठी हिरवा आणि भगवा वापरणे सोपे असते. पण मग आकड्यांच्या आधी राजकारण दिसते. तांबडा रंग धोका सुचवतो. एखाद्या वस्तीला तांबडे रंगवून खाली काहीही लिहिले तरी वाचकाने अर्थ लावलेला असतो. शक्यतो एकाच रंगाच्या छटा वापराव्यात. काळ्या-पांढऱ्या छपाईतही त्या टिकतात.

साधने आणि वर्गातील उपक्रम

साधनांची आज टंचाई नाही. साध्या आलेखांसाठी स्प्रेडशीट पुरते. पत्रकारांसाठी तयार झालेले डेटारॅपर आणि फ्लरिश यांवर प्रोग्रॅमिंग न येताही संवादी आलेख करता येतात. नकाशांसाठी क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. डी-३ हे २०११ मध्ये आलेले साधन अधिक समर्थ असले तरी त्याला प्रोग्रॅमिंग लागते. साधन शिकायला एक आठवडा पुरतो. आकड्याला प्रश्न विचारायला शिकण्यास अधिक वेळ द्यावा लागतो.

म्हणून पहिले दोन तास संगणकाशिवाय घ्यावेत. विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्याचे जनगणनेतील चार आकडे द्यावेत आणि आलेखाच्या कागदावर एकाच माहितीचे दोन आलेख काढायला सांगावेत, एक शून्यापासून आणि एक मधून सुरू होणारा. प्रत्येक आलेखाला एका वाक्याचे शीर्षक द्यायला लावावे. शीर्षकातील क्रियापदे आपोआप वेगळी येतात : एकात ‘कमी आहे’, दुसऱ्यात ‘घसरली’. यानंतर एका वृत्तपत्रातील आलेख घेऊन पुढील पाच प्रश्न विचारावेत :

१. आकडा कोणी, कोणत्या वर्षी आणि कसा मोजला?
२. टक्केवारी कशाची आहे; पाया कोणता?
३. तुलना केलेल्या दोन्ही बाजूंची व्याप्ती सारखी आहे काय?
४. अक्ष कोठून सुरू होतो आणि क्षेत्रफळ आकड्याच्या प्रमाणात आहे काय? वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते.
५. शीर्षकातील क्रियापद आकड्याने सिद्ध होते काय?

या पाचही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच संगणकापुढे बसावे.

निष्कर्ष

वरील तिन्ही उदाहरणांत आकडे सार्वजनिक होते, कोणीही ते पाहू शकत होते. साक्षरतेत अक्ष, सिंहस्थात गृहीतके आणि २००४ मध्ये पाया, या ठिकाणी अर्थ ठरला किंवा बिघडला. यांपैकी एकही गोष्ट तपासण्यासाठी उच्च गणित लागत नाही. भागाकार आणि नेमकी भाषा पुरते. म्हणून आलेखवाचन हे संगणक विभागाचे काम समजून बाजूला ठेवू नये, तर भाषेच्या आणि पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात त्याला नियमित तासिका द्याव्यात. येत्या जनगणनेचे आकडे हाती येतील तेव्हा पुन्हा मथळे होतील आणि दोन स्तंभ शेजारी उभे राहतील. ‘हे कशाच्या तुलनेत?’ असे त्या दिवशी विचारणारा विद्यार्थी आपल्या वर्गातून गेलेला असावा, एवढी तयारी आजपासून करता येण्याजोगी आहे.